आखूड नखांच्या अक्का

जुळे सोलापुरातल्या आमच्या दुकानाच्या काचेवर एक पाटी होती. पाट्या त्या रस्त्यावर सगळ्यांच्याच होत्या. फेशियल, आयब्रो, नवरीचा मेकअप. आमच्या पाटीवर लिहिलं होतं, "येथे लांब नखे लावून मिळणार नाहीत. वाद घालू नये." त्यातलं दुसरं वाक्य अक्कांनी पेंटरकडून मुद्दाम मोठ्या अक्षरांत काढून घेतलं होतं.

वाद घालू नये असं लिहिलं असलं तरी वाद आला की अक्कांना हुरूप यायचा. लग्न ठरलेली एखादी मुलगी आईला घेऊन यायची आणि मोबाइलमध्ये बोटभर लांब, टोकदार, खडे जडवलेली नखं दाखवायची. अक्का चष्मा पुसून तो फोटो नीट बघायच्या आणि विचारायच्या, "ही नखं घालून नवऱ्याला घास भरवनार? डोळा फुटंल की त्याचा." मुलगी हसायची. आई हसायची नाही. ती म्हणायची, "अहो, पण आम्ही मागतोय तसं द्यायला तुम्हाला काय होतं?" मग अक्का सरळ सांगायच्या, "चार दिवसांत टवका उडनार. उडालेल्या टवक्यासकट तुमची पोरगी माझं नाव सांगत गावभर फिरनार. मला न्हाय चालत. आखूड, गोल, बोटाच्या टोकासारखं पायजे तर बसा." निम्म्या जणी उठून जायच्या. उरलेल्या बसायच्या, आणि बसलेल्या पुन्हा दुसरीकडे जायच्या नाहीत.

अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातल्या. नाव पद्मा, पण ते त्यांच्या दोन-चार मैत्रिणींनाच ठाऊक. वयाच्या नवव्या वर्षापासून त्या आईशेजारी बसून विड्या वळत होत्या. नवरा मागावर होता, तो लवकर गेला. विड्या वळूनच अक्कांनी एकुलत्या एका मुलीला वाढवलं, पुण्याला पाठवून नखांचं काम शिकवलं. मुलीने जुळे सोलापुरात भाड्याने गाळा घेऊन दुकान टाकलं आणि सहा महिन्यांत लग्न करून ती हैदराबादला गेली. दुकानात जेलच्या बाटल्या, ब्रश, कानशी आणि नखं वाळवायचा निळा दिवा तसाच राहिला. गाळ्याचे मालक चावी मागायला आले तेव्हा अक्का शटर उघडून आत बसल्या होत्या. "करार वर्षाचा हाय," त्या म्हणाल्या, "वर्ष हुईपर्यंत मी बसनार." मालकांनी विचारलं, "तुम्ही काय करणार बसून?" "शिकनार," अक्का म्हणाल्या.

आणि त्या शिकल्या. मोबाइलवर परदेशी बायकांचे व्हिडिओ आवाज बंद करून बघायच्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, आवाज तरी चालू करा, काहीतरी सांगतात त्या." त्या म्हणाल्या, "त्येंचं बोलनं मला कळत न्हाय आन् कळून उपेग न्हाय. हात दिसतात की."

मी केम गावची. लग्न होऊन सोलापुरात आले, पार्लरचा कोर्स केला आणि अक्कांकडे काम मागायला गेले. "काय येतं तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सगळं येतं." त्यांनी माझे दोन्ही हात ओढून घेतले. मी आदल्याच दिवशी स्वतःला जेल लावलं होतं. अक्कांनी माझ्या तर्जनीच्या कडेवर आपलं नख टेकवलं आणि हलकेच उचललं. पापुद्रा टचकन वर आला. "ह्ये येतं व्हय तुला?" त्या म्हणाल्या. त्यांनी मला ठेवून घेतलं, पण पुढचे पंधरा दिवस रंगाच्या बाटलीला हात लावू दिला नाही. नुसतं नखाच्या मुळाशी चिकटलेलं कातडं काढायचं, नख पुसायचं, वाळू द्यायचं, परत पुसायचं. मी कंटाळून म्हटलं की हे कुणाला दिसतसुद्धा नाही. "दिसत न्हाय म्हनूनच करायचं," त्या म्हणाल्या. "टवका वरून उडतो असं वाटतं तुला. त्यो खालून सुटलेला असतो आधी."

त्यांचं सगळं ज्ञान विड्यांतून आलेलं होतं. कुणी बाई घाईघाईत नळावर हात धुऊन खुर्चीत बसली की अक्का तिला परत उठवायच्या आणि पंख्याखाली बसवायच्या. पाणी प्यायलेलं नख फुगतं, मग सुकलं की आखडतं आणि वरचं जेल सुटून येतं. हे सांगताना त्या म्हणायच्या, "विडीचं पान कोरडं असलं की फुटतं आन् नख वलं असलं की. दोनी मी बघितलंय." जेल लावताना त्या नखाच्या मधोमध किंचित उंचवटा ठेवायच्या आणि दोन्ही बाजूंना उतरतं करत न्यायच्या. सपाट लावलं तर का चालत नाही, असं मी विचारलं. त्यांनी समोरच्या जुन्या गोदामाच्या कौलांकडे बोट केलं. "ती कौलं सपाट असती तर माकडं नाचल्यावर राहिली असती का?" शेवटी ब्रश आडवा धरून नखाच्या पुढच्या कडेवरून, त्या सुतासारख्या जाडीवरून, रंग फिरवायचा. याला त्या 'तोंड बंद करणं' म्हणायच्या. विडीचंही तोंड शेवटी मुडपून बंद करतात. तोंड उघडं राहिलं की विडी सांडते. "हितं बी तसंच," अक्का म्हणायच्या, "तोंड उघडं राहिलं की पानी शिरतं."

टवका उडालेली बाई आली की अक्का पोलीस व्हायच्या. कुठल्या बोटाचा, कुठल्या बाजूचा, यावरून त्या गुन्हा ओळखायच्या. "डब्याचं झाकन नखानं उघडलंस." "लसून सोललास की." "भांडी हातमोज्याबिगर घासलीस." बँकेतल्या एक अधिकारी बाई शपथेवर सांगत होत्या की त्यांनी काहीही केलेलं नाही, त्यांच्या घरी सगळ्या कामांना बाई आहे. अक्कांनी त्यांचा अंगठा उजेडात फिरवून बघितला आणि आवाज खाली आणून विचारलं, "साहेब लई तरास देतो का वो हापिसात?" बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "दातानं कुरतडलंय तुमी," अक्का म्हणाल्या, "येत जा हितं. बोलत जा. नखं नका खाऊ." त्या बाई पुढे दर तीन आठवड्यांनी यायच्या. बोलायच्याही.

दुकान असं छान चाललेलं असताना एके दुपारी सत्यम्मा आल्या. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, अक्कांच्या शेजारच्या, लहानपणापासून एका सुपाशी बसून विड्या वळलेल्या. त्या चप्पल बाहेर काढून दारातच उभ्या राहिल्या. अक्कांनी आत बोलावलं तरी खुर्चीवर बसेनात. शेवटी म्हणाल्या, "पद्मा, पोरीचं लग्न हाय. कन्यादानाला हात पुढं करायला लागतो. फोटो निघनार. माझा हात बघ की." त्यांनी पदराखालून उजवा हात काढला. अंगठ्याचं नख तंबाखूने पिवळं पडून एका बाजूने झिजलं होतं, बोटांना शेवयांसारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. विडीचं तोंड त्या अंगठ्यानेच मुडपतात. चाळीस वर्षं तेच नख तेच काम करत होतं.

मी म्हटलं, "लग्नाच्या आदल्या दिवशी लावू. दोन दिवस टिकलं की झालं."

अक्कांना ते पटलं नाही. "दोन दिवसाचं सोंग कशाला? उद्याच्याला ती विड्या वळनार, तवाबी नख असायला पायजे." सत्यम्मा म्हणाल्या, "अगं, विड्या वळनाऱ्या बाईला कुटं नखं टिकतात?" हे वाक्य अक्कांना फार लागलं. "कोन म्हनलं न्हाय टिकत?" त्या म्हणाल्या. "म्या टिकवून दाखवते."

दुसऱ्या दिवशी अक्का घरून सूप, पानं, तंबाखू आणि पान कापायचा साचा घेऊन आल्या. स्वतःच्या उजव्या हाताला त्यांनी जेल लावलं आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात मांडी घालून विड्या वळायला बसल्या. किती वळल्यावर टवका उडतो ते बघायचं होतं. पहिला टवका त्याच दिवशी उडाला. दुसरा दोन दिवसांनी. अक्का चिडायच्या नाहीत. भिंगाखाली नख धरून बसायच्या. चौथ्या खेपेला त्यांच्या ध्यानात आलं की तोंड मुडपताना सगळा जोर अंगठ्याच्या आतल्या कोपऱ्यावर येतो. मग त्यांनी तो कोपराच ठेवला नाही. त्या बाजूने नख जास्त गोल केलं, बोटाच्या मांसाच्या आत घेतलं आणि तोंड वरूनही बंद केलं, खालूनही.

याच आठवड्यात एक गोष्ट झाली. पलीकडच्या सोसायटीतल्या एक मॅडम आमच्या मोठ्या गिऱ्हाईक होत्या. त्यांच्या मागून दहा-बारा जणी यायच्या. मॅडम आत आल्या तेव्हा अक्का कोपऱ्यात सूप घेऊन बसलेल्या आणि खुर्चीवर सत्यम्मा, धुतलेले हात सुकवत. मॅडमनी रुमाल नाकाला लावला.

"अक्का, हे काय? किती वास येतोय तंबाखूचा."

"येनारच की. तंबाखूच हाय," अक्का म्हणाल्या.

"तसं नाही हो. तुम्ही यांचं काम करा, चांगलंच आहे. पण यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. आम्ही त्याच खुर्चीवर बसतो ना."

सत्यम्मा उठायला लागल्या. अक्कांनी बसल्या जागेवरूनच हात करून त्यांना थांबवलं. "वेगळा दिवस न्हाय. वेगळी खुर्ची न्हाय. ती आधी आलीय. तुमी थांबा."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "वैशाली, तू शिकलेली आहेस. तूच सांग यांना."

आणि मी सांगितलं. आज लिहिताना लाज वाटते, पण मी म्हणाले, "अक्का, मॅडमचं बरोबर आहे. गिऱ्हाईक तुटेल."

सत्यम्मांनी मान खाली घातली. मॅडम निघून गेल्या. अक्कांनी हातातली विडी पुरी केली, दोरा गुंडाळला, मग उठून सत्यम्मांचा हात हातात घेतला आणि काम पुरं केलं. सत्यम्मा गेल्यावर मी झाडू घेतला तेव्हा म्हणाल्या, "वैशाली, त्या मॅडमच्या नाकानं वास घेऊ नको. तुझं नाक हाय की तुला."

केममध्ये माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिच्या हाताला मातीचा, कांद्याचा, शेणाचा वास येतो. मी त्या दिवशी संध्याकाळी तिला फोन केला आणि जेवलीस का, एवढंच विचारून ठेवून दिला.

त्या दहा-बारा जणींचं येणं थांबलं. दुकानात दुपारच्या दुपार पंखा नुसता फिरायचा. मालकही येऊन सांगून गेले की आजूबाजूच्या लोकांच्या तक्रारी आहेत, जरा जपून घ्या. अक्कांनी त्या दिवशी काय केलं असेल, तर खुर्ची आतून उचलून काचेला लागून ठेवली. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कोण बसलंय ते दिसावं म्हणून. मी घाबरून म्हटलं, "अक्का, कशाला उगाच?" त्या म्हणाल्या, "लपवून करायला आपन काय चोरी करलालोय?"

सत्यम्मांच्या मुलीच्या लग्नाला मीही गेले. लग्नाच्या आदल्या दुपारपर्यंत सत्यम्मा विड्या वळत होत्या, कारण माल द्यायचाच होता. कन्यादानाच्या वेळी त्यांनी दोन्ही हात पुढे केले. फोटोवाल्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण त्याने कॅमेरा जवळ नेला. दहाही नखं जागच्या जागी होती. अक्का मागे उभ्या होत्या, अक्षता हातात तशाच धरून. अक्षता टाकायच्या विसरल्या होत्या.

लग्न झाल्यावर सोमवारी आमच्या दारात दोन रिक्षा थांबल्या आणि घरकुलातल्या अकरा बायका उतरल्या. जागा कुठे होती? चार आत, सात पायरीवर. कुणाच्या तरी पिशवीतून शेंगाची चटणी आणि भाकरी निघाली. तेलुगूत, मराठीत एकच कालवा. अक्का मला म्हणाल्या, "काय बघत उभी राहिलीस? बस की दुसऱ्या खुर्चीवर. तुला येतंय आता." त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा एक हात पुरता माझ्यावर सोपवला. सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा अंगठा धरला तेव्हा तंबाखूचा वास आला. मी मान वळवली नाही.

मॅडम दोन-अडीच महिन्यांनी परत आल्या. दुसऱ्या दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. आठ नखांना टवके, एक मुळापासून सुटलेलं. मला वाटलं आता अक्का सुनावतील. अक्कांनी फक्त हात बघितला. "तोंडच बंद केलं न्हाय कुनी," असं स्वतःशीच म्हणाल्या. मग पुढे बोलल्या, "बसा. हिचं झालं की तुमचं." खुर्चीवर घरकुलातलीच एक बाई होती. मॅडम दारातून आत येऊन बाकावर बसल्या. त्याच खुर्चीवर, तिच्या पाठोपाठ, त्यांचं काम झालं. अक्कांनी त्यांच्याही नखांना तितकाच वेळ दिला. मैत्री वगैरे काही झाली नाही. पण नंतर त्या येत राहिल्या, आणि वेगळ्या दिवसाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

अक्कांना खोकला पहिल्यापासून होता. गेल्या उन्हाळ्यात तो थांबेना. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, फुफ्फुसं खराब झाली आहेत म्हणाले. किती वर्षं तंबाखूत होता, असं त्यांनी विचारलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "मोजली न्हाईत." मुलगी हैदराबादहून आली. मी दुकान बंद करून दवाखान्यात जाऊन बसायची. तिथल्या सिस्टर बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावायला आल्या, पण आकडे नीट येईनात. सत्यम्मांच्या मुलीच्या लग्नापासून अक्का स्वतःच्या दहाही नखांवर गडद लाल रंग ठेवायच्या, तो तसाच होता. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, नेलपॉलिश काढावं लागेल."

"कानाला लाव की चिमटा," अक्का धापा टाकत म्हणाल्या.

"कानाचा इथे नाही हो. एक तरी बोट द्या."

अक्कांनी जरा विचार केला आणि डाव्या हाताची करंगळी माझ्यापुढे धरली. "एकच काढ. नीट काढ, खरवडू नको." मी घरून सामान आणलं. ॲसिटोनचा बोळा नखावर ठेवला, वर चांदीचा कागद गुंडाळला आणि थांबले. दहा मिनिटं झाली असतील, मी कागद सोडायला गेले. "अजून न्हाय," त्या म्हणाल्या. श्वास पुरत नव्हता, तरी मला शिकवणं चालूच होतं. जेल मऊ होऊन अलगद निघालं. खालचं नख गुलाबी, गुळगुळीत होतं. विड्या वळणाऱ्या बाईचं वाटणार नाही असं. अक्कांनी ते उजेडात धरून बघितलं. "बघ, खालचं नख किती चांगलं राहिलंय," त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

घरकुलात माणूस मावत नव्हता. बायकांनी अक्कांना आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं. तेवढ्यात त्यांचे थोरले दीर पुढे आले. वयस्कर माणूस, सगळे त्यांना मानायचे. अक्कांच्या हातांकडे बघून म्हणाले, "विधवा बाई हाय. लाल नखं घेऊन जानार का? काढा ते आधी." अक्कांची मुलगी रडत होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काढता कुणाला येत असेल तर मलाच. ॲसिटोनची बाटली माझ्या पिशवीत होती.

मी म्हटलं, "नाही काढणार."

"ही एक कशी काढली मग?" त्यांनी करंगळी दाखवली.

"ती काढायला अक्कांनी सांगितलं होतं. बाकीची नाही सांगितली."

"आता सांगायला ती हाय का?"

"म्हणूनच नाही काढणार," मी म्हणाले. आयुष्यात मी इतक्या माणसांत, इतक्या मोठ्या माणसाला कधी उलट बोलले नव्हते.

कुणीतरी म्हातारी पुटपुटली की निदान हात तरी आत झाका. तेव्हा सत्यम्मा गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी अक्कांच्या अंगावरची चादर खाली सारली, दोन्ही हात बाहेर काढून छातीवर ठेवले, बोटं एकेक करून सरळ केली आणि दिरांच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, "कुनी झाकायचं न्हाय."

त्यांच्या मागे अकराच्या अकरा जणी उभ्या होत्या. दीर खांदा द्यायला वाकले.

अक्का घरकुलाच्या गल्लीतून निघाल्या तेव्हा ऊन चढलं होतं आणि त्यांचे हात सगळ्यांना दिसत होते. एक नख उघडं होतं, नऊ लाल. एकाचाही टवका उडाला नव्हता.